माझ्या अर्ध्या भिंतीची डागडुजी

९ फेब्रुवारी
नगरपालिकेची नोटीस आली. डिसेंबरच्या भूकंपात आमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीला तडे गेले, ते पावसाळ्याआधी बुजवा. आणि जुन्या पद्धतीने, चुन्यातच बुजवा. खाली सही: इंजिनिअर रोवेना दुमलाओ. वय असेल सत्तावीस. मी फिलिपिन्स सोडून सौदीत एकोणीस वर्षं बांधकामावर काढली आणि ही पोर मला चुना लावायला निघालीय.

भिंत एक, घरं दोन. वडिलांनी जाताना मधोमध रेघ मारून दिली. उत्तरेचा अर्धा भाग माझा, दक्षिणेचा प्रिमितिवाताईचा. ताई बहात्तरची आहे. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. अजूनही समोर दिसेल त्याला पट्टी मारायच्या विचारात असते.

संकल्प: माझी अर्धी भिंत मी स्वतः करणार. सिमेंटमध्ये. ईस्टरच्या आत फायनल.

१० फेब्रुवारी, सकाळ
ताईला प्लॅन सांगितला. ती परसात लसणाच्या जुड्या वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, तेरियो, तू सौदीत सिमेंट वाटत होतास रे, लावत नव्हतास.

लोकांना स्टोअरचं महत्त्व कळत नाही. माझ्या सहीशिवाय एक गोणी हलत नव्हती. म्हणजे सगळ्या इमारती एका अर्थी माझ्याच.

तिने तिच्या अर्ध्या भागासाठी गवंडी ठरवला. अनास्तासियो ताबियोस. अख्ख्या विगान शहरात तिला दुसरा माणूस मिळाला नाही. हे मला डिवचण्यासाठीच आहे.

१४ फेब्रुवारी
ताबियोस आला. पंचाहत्तरीचा असेल, पण चालतो असा की जणू रस्ता त्याच्याच बापाने बांधला. (बापाने बांधलाही असेल. तोही गवंडीच होता.) माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीला तळहात लावून उभा राहिला. मग बोटाच्या पेराने ठकठक करत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. माझ्या हद्दीतही ठकठकला. विचारलं नाही.

मग म्हणाला, ही वीट पावासारखी मऊ आहे. खालून जमिनीची ओल चढते आणि विटांमधल्या दरजांतल्या चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट लावलंस तर ती आतच कोंडेल. भिंतीला घाम येऊ दे, तेरियो.

मी म्हटलं, घाम माणसाला येतो. कामाच्या माणसाला.

समोरच्या खानावळीतला लोपे मोठ्याने हसला. माझ्या विनोदावर.

२२ फेब्रुवारी
ताईच्या परसात खड्डा खणलाय. त्यात कळीचा चुना टाकून पाणी ओतलं. खदखद, फुसफुस, वाफेचे लोट. माझी बायको पासिंग काम सोडून बघायला गेली. जत्राच. ताबियोस म्हणतो, आता हा दोन महिने मुरेल.

दोन महिने! मी दोन आठवड्यांत भिंत संपवून त्यांचा चुना मुरताना बघत बसणार आहे. खुर्ची कुठे ठेवायची तेही ठरवलं.

३ मार्च
कामाला सुरुवात. ग्राइंडर आणला. जुन्या दरजा खोलवर कापून काढायच्या, म्हणजे सिमेंट घट्ट बसतं. सगळा रस्ता लाल धुळीने भरला. टांग्यांचे दोन घोडे बिचकले. टांगेवाले काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पासिंग पुढच्या खोलीत भट्टी लावून तांदळाच्या पिठाचे केक, बिबिंका, विकते. त्या बिबिंकांवरही थर बसला. ती दारात येऊन काहीतरी म्हणाली, हातवारे करून, बराच वेळ. ऐकू आलं नाही. ग्राइंडरचा हाही एक फायदा.

५ मार्च
दरजांतला चुना वाळूसारखा भसाभस गळतो. शंभर-दीडशे वर्षं हेच धरून बसले होते सगळे! काही विटांच्या कडाही कापल्या गेल्या. वीटच मऊ. हाताचा दोष नाही.

ताबियोस कुंपणापलीकडून बघत होता. म्हणाला, सावकाश, ती छिन्नीने काढायची असते. मी ग्राइंडर आणखी मोठ्याने चालवला. त्याला मोठ्याने-हळू असा प्रकार नसतो, पण मी तसं दाखवलं.

६ मार्च, दुपार
पाठ धरली. आडवा आहे.

पासिंगने माझ्या पाठीला तेल चोळता चोळता विचारलं, तुमचं आणि ताबियोसचं नेमकं बिनसलं कधी? काही बिनसलेलं नाही. मी सोळा वर्षांचा असताना वडिलांनी मला त्याच्या बापाकडे काम शिकायला धाडलं होतं. मी सहा दिवसांत सोडलं. पाठीच्या दुखण्यामुळे. म्हाताऱ्याने आमच्या घरी येऊन, ताईच्या देखत, याच्या हातात काही नाही आणि डोक्यात फार आहे असं म्हटल्याची जी गोष्ट ताई सांगते ती अर्धवट आहे. तो पुढेही काहीतरी म्हणाला होता. मी ऐकायला थांबलो नाही.

त्याचा मुलगा, म्हणजे हाच ताबियोस, तेव्हा दारात उभा होता. हसला नाही. त्याने मान खाली घातली. हसला असता तर एवढं लागलं नसतं.

पण हे सगळं जुनं झालं. माझ्या लक्षातही नाही.

१९ मार्च
भिंत पूर्ण! दोन मजूर लावले होते, पण डोकं माझं. सिमेंटचा गिलावा बोटभर जाड, काचेसारखा गुळगुळीत. वर मी स्वतः खिळ्याने रेघा मारून विटांचा आकार काढला, म्हणजे जुनेपणाही राहिला. डावीकडच्या विटा उजवीकडच्यांपेक्षा जरा मोठ्या आल्यात. लांबून कळत नाही.

ताई रस्त्याच्या पलीकडे जाऊन, चष्मा लावून, पाहून आली. म्हणाली, छान. अगदी बस स्टँडच्या मुतारीसारखी.

जळफळाट.

२ एप्रिल
मनिलाचे पर्यटक आले होते. त्यांनी ताईच्या उघड्यावाघड्या, सोललेल्या विटांचे फोटो काढले. शेजारी तयार भिंत असताना! ताबियोस मोडक्या स्टुलावर बसून एकेक दरज बोटाने चाचपून साफ करत होता, त्याचेही काढले. मी जाऊन फोटोत उभा राहिलो. त्यांनी मला थोडं बाजूला व्हायला सांगितलं.

१६ एप्रिल
इंजिनिअर दुमलाओ पाहणीला आली. ताईच्या बाजूला, वा, वा. माझ्या बाजूला येऊन गिलावा ठोकून पाहिला. मग म्हणाली, काका, हे सगळं काढावं लागेल.

काका!

मी तिला माझं सौदीचं ओळखपत्र दाखवलं. ही चूक झाली असं आता वाटतं. तिने ते मोठ्याने वाचलं: स्टोअर असिस्टंट. लोपे, ताई, ताबियोस, दोन टांगेवाले, सगळ्यांच्या देखत. हसलं कोणी नाही. ताबियोसने मान खाली घातली.

तीस दिवसांची मुदत देऊन गेली. तिच्या वरिष्ठांना तक्रारअर्ज लिहायला घेतला आहे. तीन पानं झाली. चौथ्या पानात तिच्या शिक्षणावर येतो.

१७ मे
मुदत संपली. अर्ज अजून पाठवला नाही. अक्षर चांगलं यायला वेळ लागतो. दुमलाओची बदली झाल्याचं ऐकलं. म्हणजे माझा अर्ज न पाठवताच मंजूर झाला.

(नंतर: बदली नाही, बाळंतपणाची रजा. तरीही.)

२४ मे
ताईची भिंत झाली. तीन महिने! चुन्याचे पातळ पातळ थर, एक वाळला की दुसरा. पांढरी, जरा उंचसखल, हाताच्या खुणा दिसतात. तिने ताबियोसला जेवायला बोलावलं. डुकराचं बागनेत तळल्याचा वास आमच्या घरभर. पासिंगही तिकडे. मला बोलावलं होतं, पण नीट बोलावलं नव्हतं. ताई कुंपणावरून ओरडली, येणार असशील तर ये, नाहीतर नको येऊस. हे काय आमंत्रण झालं? मी दाराआड बसून कालचा भात व्हिनेगर घालून खाल्ला. स्वाभिमानाने.

८ जून
जोराचा पाऊस. आज दूध का दूध झालं. ताईची भिंत भिजून काळवंडली, माझ्यावर थेंब टिकत नाही, सरळ घरंगळतो. छत्री घेऊन तासभर उभा राहिलो. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

दुपारी ऊन पडलं तशी तिची पुन्हा पांढरी झाली. योगायोग.

आतल्या बाजूने आमच्या भिंतीवर कापसासारखं पांढरं काहीतरी आलंय. पासिंग म्हणाली, लोणा लागला. मी म्हटलं, नव्या सिमेंटची पावडर असते. फडक्याने पुसली.

१२ जून
पावडर पुन्हा आली. पुन्हा पुसली.

१७ जून
आतली ओल कमरेपर्यंत चढली. पासिंगच्या तांदळाच्या पिठाचं पोतं भिंतीला टेकलेलं होतं, त्याचा दगड झाला. एक बिबिंका हिरवी निघाली. ती नेमकी पाद्रीसाहेबांच्या बहिणीला गेली.

पासिंगने भट्टी उचलून ताईच्या पुढच्या खोलीत नेली. ताबियोस आणि लोपेने एकेक बाजू धरली. मी म्हटलं, ही गद्दारी आहे. ती म्हणाली, नाही हो, पीठ आहे.

हे तात्पुरतं आहे. मी आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारले. आता ओल कुठूनच बाहेर पडू शकणार नाही. विषय संपला.

२९ जून
ताबियोससारखं पेराने ठकठक करून पाहिलं. दोन ठिकाणी पोकळ वाजलं. तिसऱ्या ठिकाणी वाजवलं नाही. उगाच भिंतीला त्रास.

८ जुलै
भिंतीला मध्यावर पोट आलंय असं लोपे म्हणतो. लोपेने आधी स्वतःचं बघावं. तरी ओळंबा सोडून पाहिला. दोरा भिंतीपासून चार बोटं लांब राहिला. ओळंबा बिघडलेला आहे.

दुपारी ताबियोस न बोलावता आला. खांद्यावर दोन वासे. म्हणाला, टेकू देऊन ठेवू, पैसे नकोत, पाऊस ओसरला की मग बघू.

मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. म्हातारपणी भीक मागायला आलास का, असंही म्हटलं. माझ्या दारात, माझ्या बायकोसमोर माझी लाज काढायला आलास, तुझ्या बापाची सवय आहे ती, असंही म्हटलं. तो सगळं ऐकून घेत उभा होता. वासे खांद्यावरच. मग म्हणाला, माझ्यावर राग धर हवा तेवढा. पण त्या भिंतीखाली बसू नकोस. आणि पासिंगलाही बसू देऊ नकोस.

वासे घेऊन परत गेला. पावसात त्याचा पाय घसरला एकदा. मी पाहत होतो. मला बरं वाटायला हवं होतं.

९ जुलै
पासिंग आता मुक्कामालाही ताईकडेच असते. ताईचे गुडघे दुखतात म्हणून. ताई सकाळी पळत बाजारात जाताना दिसली.

१४ जुलै, सकाळ ११
वादळाचा पाचवा दिवस. पाऊस थांबेना म्हणून समोर लोपेकडे कॉफी प्यायला गेलो. मनिलाचं एक जोडपं अडकून पडलं होतं. त्यांना सिमेंट आणि चुन्यातला फरक समजावून सांगत होतो. त्या बाईने मध्येच माझ्या खांद्यावरून बोट दाखवलं. मला वाटलं प्रश्न आहे. म्हटलं, थांबा, आधी माझं पूर्ण होऊ दे.

मागे आवाज झाला. मोठा नाही. पोतं उतरवावं तसा.

१४ जुलै, संध्याकाळ
माझ्या अर्ध्या भिंतीचा बाहेरच्या विटांचा सगळा थर खाली आला. सिमेंटचा गिलावा एकसंध पडला, दारासारखा, आणि पाठीला विटांचे चेहरे घेऊन आला. उरलेल्या विटा चिखल झाल्या होत्या. हाताने चुरता येत होत्या. मग आतला थरही फुटला आणि मधला दगडगोट्यांचा भराव पुढच्या खोलीत ओतला गेला. वरचा मजला खांबांवर आहे म्हणून राहिला. ताईची बाजू जिथे सुरू होते तिथे रेघ मारल्यासारखी सरळ कड. तिच्या बाजूचा एक पोपडाही निघाला नाही.

लोक जमले. ताबियोसने तेच वासे आणून वरच्या तुळईला टेकू दिला. मी धरायला गेलो तर लोपे म्हणाला, तू नको.

पासिंग एप्रनला हात पुसत आली. ढिगाऱ्याच्या कडेला उभी राहिली. तिची भट्टी जिथे असायची, ती बसायचा पाट जिथे असायचा, बरोबर तिथे माणसाच्या छातीइतका ढीग होता. सकाळी अकरा म्हणजे तिच्या दुसऱ्या घाण्याची वेळ. ती त्या जागेकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे वादळाबद्दल उत्तर तयार होतं.

ती आत गेली. ताईच्या दारातून.

१५ जुलै
वादळ अभूतपूर्व होतं.

१६ जुलै
लोपे म्हणतो, मागच्या वर्षीचं यापेक्षा मोठं होतं. लोपेकडची कॉफी बंद.

२१ जुलै
ताई आली. खुर्ची दिली तर बसली नाही. शाळेत उभी राहायची तशी उभी राहिली. म्हणाली, तुझी बाजू ताबियोस बांधेल. चुन्यात. माझी बाजू तिच्या आधाराने उभी आहे म्हणून, तुझ्या प्रेमाखातर नाही. तू मध्ये बोलायचं नाही.

मी म्हटलं, त्याने मला शब्द दिला तर विचार करीन. कसला शब्द, ती म्हणाली.

मी विचारलं, पासिंग काय म्हणते? ताई म्हणाली, काही म्हणत नाही, बिबिंका भाजते. मग दारापर्यंत जाऊन परत फिरली. म्हणाली, तेरियो, ताबियोसने तिला सतरा जूनला सांगितलं होतं, भट्टी हलव. तुला सांगू नकोस, नाहीतर तो अडून बसेल, असंही त्यानेच सांगितलं. पीठ हे नुसतं निमित्त होतं रे.

बरंच झालं, म्हटलं.

३ ऑगस्ट
ढिगाऱ्यातून विटा वेचून साफ करायचं काम माझ्याकडे आहे. या कामाला अनुभवी माणूसच लागतो. चुन्यात बसलेली जुनी वीट दोन टोले दिले की मोकळी होते. माझ्या सिमेंटमध्ये बसलेली सुटत नाही. सिमेंट राहतं, वीट फुटते. आज शंभरेक हातात घेतल्या. सात धड निघाल्या.

ताबियोसने त्या सातही उचलून, वाजवून पाहिल्या. दोन टाकून दिल्या.

११ ऑगस्ट
छिन्नी धरायची पद्धत बदलून पाहिली. ताबियोस धरतो तशी, तिरकी. त्याच्याकडून शिकलो असं नाही. मला तशी आधीपासून सुचलेली होती. आज एकवीस.

२ सप्टेंबर
भिंत छातीपर्यंत आली. आतल्या विटेला बाहेरची वीट बांधून घेतो तो, दर चौथ्या थराला एक आडवी. मी एकदा म्हटलं, सौदीत आम्ही... तो थांबला, थापी हातात धरून, पुढचं ऐकायला. खरोखर ऐकायला. मला पुढचं काही आठवलं नाही. तिथे मी कोणाला वीट लावताना पाहिलंच नव्हतं. स्टोअरला खिडकी नव्हती.

म्हटलं, काही नाही. तो पुन्हा कामाला लागला.

१९ सप्टेंबर
पासिंगला विचारलं, भट्टी कधी आणायची? भिंत उभी राहिली आता. ती म्हणाली, बघू, वाळू दे. किती दिवस? म्हणाली, चुन्याचं काम आहे, मला काय माहीत.

तिला बरोबर माहीत आहे. भिंतीबद्दल बोलत नव्हती.

२६ सप्टेंबर
चार दिवस कडक ऊन. नवा गिलावा एकदम वाळला तर चिरतो, म्हणून त्यावर ओली गोणपाटं टांगलीत आणि ती ओली ठेवायची जबाबदारी माझी. दर दोन तासांनी. ताबियोसने दुसऱ्या कोणाला हे काम दिलं नाही. (दुसरं कोणी रिकामं नव्हतं.)

दुपारी जरा डोळा लागला. ताबियोस जेवून आला आणि त्याने विचारलं, गोणपाटं ओली आहेत ना? मी म्हटलं, आत्ताच केली.

त्याने गोणपाटावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. स्टूल उचलून ताईच्या बाजूला निघून गेला.

कोरडी होती. उठलो, बादली भरली, भिजवली.